चोरकप्पा ते तिजोरी : वकिली सोडून कुलपं बनवायला बसलेल्या अर्देशीर गोदरेज यांची गोष्ट

यंदा आमच्या भंडाऱ्यातल्या घराचं काम निघालं. जुन्या घराची मागची बाजू पाडून दोन खोल्या नव्याने बांधायच्या होत्या. नकाशा ठरला, मिस्त्री ठरला आणि मग बाबांनी हळूच एक विषय काढला. आतल्या खोलीच्या भिंतीत एक तिजोरी बसवायची, पण कोणाला दिसली नाही पाहिजे.

म्हणजे चोरकप्पा.

मराठीत हा शब्द मोठा मजेशीर आहे. चोरापासून वाचवायची जागा आणि नाव मात्र चोराचं. जुन्या घरांत असे कप्पे असायचेच. लाकडी पेटीला दुहेरी तळ, मातीच्या जाड भिंतीत कोनाडा आणि त्यावर देवाचा फोटो, धानाच्या ढोलीत तळाशी ठेवलेलं गाठोडं. आमची आजी सांगते की तिच्या सासूने चांदीचे रुपये पितळेच्या गडव्यात भरून चुलीजवळ पुरले होते. भंडारा तसंही पितळेच्या भांड्यांचं गाव, त्यामुळे गडव्यांची कमी नव्हती. पुरलेली जागा एकट्या तिलाच माहीत होती. ती गेल्यावर पोरांनी निम्मं घर खोदलं.

ही झाली आपली संपत्ती सांभाळण्याची पिढीजात रीत. लपवा आणि गप्प बसा.

मग कधीतरी ही रीत बदलली. कुठल्याही घरात जा, सगळ्यात किमती ऐवज ज्यात आहे ती वस्तू खोलीत ढळढळीत उभी असते. राखाडी नाहीतर हिरव्या रंगाची, आरसा लावलेली, उघडताना कुरकुरणारी. आमच्याकडे तिला आलमारी म्हणतात, पण त्याहून जास्त लोक म्हणतात गोदरेज. पोरीच्या लग्नात आंदण म्हणून काय दिलं? गोदरेज दिलं. दुसऱ्याच कुठल्या कारखान्याची असली तरी नाव तेच.

लपवण्याऐवजी समोर ठेवा, पण अशी ठेवा की दिसूनही कोणाला काही करता येणार नाही. ज्या माणसामुळे ही सवय आपल्या घरांत आली, त्यांचं नाव अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज. गंमत म्हणजे त्यांना कुलपं बनवायचीच नव्हती. ते झाले होते वकील.

२६ मार्च १८६८ रोजी मुंबईच्या एका सधन पारशी घरात त्यांचा जन्म झाला. वडील बुर्जोरजी आणि आजोबा सोराबजी यांचा जमीनजुमल्याचा व्यवसाय होता. घराण्याचं आडनाव आधी गुथेराजी असं होतं. अर्देशीर तीन वर्षांचे असताना, १८७१ मध्ये, वडिलांनी ते बदलून गोदरेज केलं. सहा भावंडांत अर्देशीर थोरले. पैशाची ददात नव्हती, त्यामुळे शिकून वकील व्हायचं आणि मुंबईत नाव कमवायचं, असा सरळ रस्ता समोर होता.

१८९० मध्ये बचूबाईंशी त्यांचं लग्न झालं. आणि वर्षभरातच ती घटना घडली, जिने अख्खी मुंबई हादरली.

मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर तेव्हा नवाच होता. कापसाच्या व्यापारात गडगंज झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि १८७८ मध्ये पूर्ण झाला. २८० फूट उंच. लोक वर चढून शहर बघायला जायचे. २५ एप्रिल १८९१ रोजी बचूबाई आणि त्यांच्यासोबत असलेली एक तरुण पारशी मुलगी अशा दोघी जणी त्या टॉवरवरून खाली पडल्या. दोघींचाही जीव गेला.

त्यांना कोणी ढकललं, की अब्रू वाचवण्यासाठी त्यांनी स्वतः उडी घेतली, यावर मुंबईत महिनोन्महिने चर्चा सुरू होती. एका तरुणाला अटक झाली, पण तो सुटला. पारशी समाजाने सभा घेतल्या, सरकारकडे अर्ज केले. उत्तर मिळालं नाही. दिवसाढवळ्या, शहराच्या मधोमध, शेकडो लोक ये-जा करत असलेल्या ठिकाणी दोन बायका सुरक्षित नव्हत्या, एवढंच काय ते सिद्ध झालं.

अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्यांना मूलबाळही नव्हतं.

या घटनेमुळे ते कुलपांकडे वळले, असा धागा जोडायचा मोह होतो. मला तो जोडायचा नाही, कारण मधे आणखी बऱ्याच गोष्टी घडल्या. पण हे दुःख बाजूला ठेवून त्यांचं पुढचं आयुष्य वाचताही येत नाही.

कायद्याचं शिक्षण संपलं आणि १८९४ च्या सुमारास त्यांना एक खटला मिळाला. तोही थेट आफ्रिकेत, झांझिबारला. नव्या वकिलासाठी ही मोठी संधी. तिथे गेल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं की अशिलाची बाजू मांडायची तर काही गोष्टी खऱ्या असल्यासारख्या सांगाव्या लागतील आणि त्या खऱ्या आहेत याची त्यांना स्वतःला खात्री नव्हती. वकिलाने अशिलाची बाजू मांडायची असते, न्याय करायचं काम न्यायाधीशाचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. जमलं नाही, एवढंच. अशील वैतागला, खटला हातचा गेला. अर्देशीर मुंबईला परतले आणि त्यांनी वकिलीच सोडली.

आता तुम्ही म्हणाल, तत्त्वाचा माणूस. खरंय. पण घरच्यांच्या बाजूने बघा. शिकलासवरलेला थोरला मुलगा पंचविशी ओलांडून हात हलवत परत आलाय.

त्यांनी एका औषधाच्या दुकानात मदतनीसाची नोकरी धरली. तिथे त्यांना शस्त्रक्रियेची हत्यारं दिसली. कात्र्या, चिमटे, डॉक्टरांचे बारीक चाकू. सगळा माल विलायतेतून यायचा. हे आपल्याकडे का बनू नये, असा विचार त्यांच्या डोक्यात आला. भांडवल हवं होतं. वडिलांकडे पैसा होता, पण अर्देशीर गेले मेरवानजी मंचेरजी कामा यांच्याकडे. हे पारशी समाजातलं मोठं नाव, घरोब्याचे संबंध. त्यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेतले आणि काम सुरू केलं.

माल उत्तम झाला. ज्या इंग्रज कंपनीसाठी बनवला होता तिच्या मालकालाही पसंत पडला. अडलं ते एकाच गोष्टीवर. माल विकताना त्यावर तो भारतात बनला असं लिहिलेलं नको, अशी मालकाची अट होती. भारतीय बनावटीचं नाव वाचलं तर कोणी डॉक्टर हात लावणार नाही, असा त्याचा हिशेब. अर्देशीर अडून बसले की नाव असेल तरच माल जाईल. धंदा बुडाला. डोक्यावर तीन हजारांचं कर्ज राहिलं.

हे प्रकरण झांझिबारसारखंच आहे. दोन्हीकडे थोडं लपवलं असतं तर काम भागणार होतं. दोन्हीकडे त्यांना लपवता आलं नाही.

त्यानंतर एके दिवशी पेपरात त्यांनी एक बातमी वाचली. मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या आणि आपली घरं, कचेऱ्या नीट बंदोबस्तात ठेवा, असा इशारा पोलीस आयुक्तांनी लोकांना दिला होता. काळ कोणता, तेही लक्षात घ्या. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सुरू झाला होता. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावी गेली. घरं बंद, गल्ल्या ओस. दारावर कुलूप होतं, पण ते कसलं?

बाजारात तेव्हा दोन प्रकार मिळायचे. एक, देशी कारागिरांनी हाताने घडवलेली कुलपं. यांत एकाची किल्ली दुसऱ्याला लागायची, आणि नाही लागली तर तारेने काम व्हायचं. दुसरी, चब वगैरे इंग्रज कंपन्यांची महागडी कुलपं. ती साहेबाला आणि बँकेलाच परवडायची.

अर्देशीर पुन्हा कामांकडे गेले. आधीचं कर्ज फिटलेलं नसताना. आणि कामांनी पुन्हा पैसे दिले! या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात धाडसी माणूस हाच वाटतो.

७ मे १८९७ रोजी लालबागमध्ये गॅस कंपनीच्या शेजारी जेमतेम २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये काम सुरू झालं. आजच्या शहरी फ्लॅटच्या हॉलएवढी जागा. डझनभर कारागीर गुजरात आणि मलबारहून आणले होते. कुलपांवर छाप होता 'अँकर', म्हणजे नांगर. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी असेल आणि ती दुसऱ्या कुठल्याही कुलपाला लागणार नाही, ही हमी.

आज ही हमी आपल्याला अगदीच साधी वाटते. तेव्हा ती साधी नव्हती. यासाठी कुलूप आतून कसं चालतं ते थोडक्यात बघावं लागेल.

चांगल्या कुलपात आत पातळ धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीत एक खाच असते. किल्लीचे दात या पट्ट्या वर उचलतात. प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर गेली की सगळ्या खाचा एका रेषेत येतात आणि आतला खटका सरकतो. एखादी पट्टी केसभर जास्त उचलली गेली तरी खटका अडतो. म्हणजे कुलूप मजबूत आहे की नाही हे त्याच्या वजनावर ठरत नाही, आतलं माप किती काटेकोर आहे त्यावर ठरतं. हे हाताने, अंदाजाने होणारं काम नाही. अर्देशीरांनी अवजारं आणि मापं यांवर भर दिला तो यासाठी.

दुसरी भानगड स्प्रिंगची. या पट्ट्या परत खाली आणायला बारीक स्प्रिंगा असायच्या. आपल्या दमट हवेत त्या गंजायच्या, तुटायच्या, मग खरी किल्ली असूनही कुलूप उघडायचं नाही. अर्देशीरांनी काही वर्षांत बिनस्प्रिंगचं कुलूप तयार केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. त्यांच्या आणखी एका कुलपात दोन किल्ल्या असत. दोन्हींनी ते उघडे, पण एक किल्ली अशी की तिने आतली रचनाच बदलता येई आणि मग दुसरी किल्ली निकामी होई. नोकराला किंवा मुनिमाला दिलेली किल्ली परत न मागता रद्द करायची सोय! व्हॉट्सअॅपवर 'लॉग आउट फ्रॉम ऑल डिव्हायसेस' करतो ना आपण, तसंच काहीसं. आणखी एक कुलूप असं की चुकीची किल्ली घातली तर ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कोणीतरी हात लावलाय.

ही शेवटची कल्पना मुळात इंग्लंडमधली. जेरमाया चब याने १८१८ मध्ये तसं कुलूप बनवलं होतं आणि ते कोणालाही फोडता येत नाही, असा तिकडे समज होता. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते लोकांसमोर साधारण २५ मिनिटांत उघडलं. ब्रामा कंपनीचं त्याहून नावाजलेलं कुलूप उघडायला त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण उघडलं आणि पैजेच्या २०० गिनी घेतल्या. त्यावर मोठा गदारोळ झाला. असल्या युक्त्या उघड केल्या तर चोरांचं फावेल, अशी ओरड झाली. हॉब्जचं म्हणणं उलटं होतं. चोरांना त्यांचा धंदा आधीपासून माहीत असतो, अंधारात असतात ती गिऱ्हाइकं.

अर्देशीर याच वळणाचे होते. कुलूप आतून कसं आहे हे लपवल्याने ते सुरक्षित होत नाही.

मग ते तिजोरीकडे वळले. १९०१ च्या सुमारास काम सुरू झालं आणि १९०२ मध्ये पहिली गोदरेज तिजोरी बाजारात आली.

तिजोरीत दोन शत्रूंशी लढायचं असतं. चोर आणि आग. विलायती तिजोऱ्या चोराला आवरायच्या, पण त्या पत्र्याचे तुकडे जोडून बनवलेल्या असायच्या. जिथे जोड तिथे फट, आणि फट असली की पहारीला जागा मिळते. आग लागली तर ज्वाळाही तिथूनच शिरतात. अर्देशीरांनी कारागिरांना घेऊन नमुन्यामागून नमुने केले आणि अखेर त्यांचा निष्कर्ष निघाला की तिजोरीचं अंग एकाच सलग पोलादी पत्र्याला वाकवून करायचं. जोड जितके कमी, तितकी तिजोरी पक्की. दरवाजा दुहेरी पत्र्याचा. कुलूप आतल्या पत्र्याला आणि बिजागऱ्या बाहेरच्या पत्र्याला. म्हणजे बाहेरून कोणी बिजागऱ्या उडवल्या तरी कुलूप आपल्या जागी.

आगीचं गणित वेगळं. कागद साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेतो. तिजोरी नुसत्या लोखंडाची असेल तर बाहेरून तापते आणि आतले दस्तऐवज जागच्या जागी कोळसा होतात. सोनं वाचतं, सातबारा जळतो. म्हणून आगीला टिकणाऱ्या तिजोरीत दोन भिंतींच्या मधे असं मिश्रण भरतात ज्यात ओल धरून ठेवलेली असते. उष्णता लागली की ती ओल वाफ होऊन निघते आणि तेवढा वेळ आतला भाग थंड राहतो. याला जाडी लागते. ही जाडीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे बाबांच्या भिंतीशी तिचा संबंध येणार आहे.

नुसतं सांगून लोक विश्वास ठेवणार नाहीत, हे अर्देशीरांना कळत होतं. शस्त्रक्रियेच्या हत्यारांनी ते शिकवलं होतं. म्हणून त्यांनी तिजोऱ्या चारचौघांत आगीत टाकून दाखवल्या. आत कागद ठेवायचे, बाहेर जाळ करायचा, मग सगळ्यांसमोर उघडायची.

धंदा वाढला तसे धाकटे भाऊ पिरोजशा सोबत आले. कंपनीच्या नावातल्या 'अँड बॉईस'ची गोष्टही इथलीच. अर्देशीर कर्ज फेडायला गेले तेव्हा मेरवानजी कामा अखेरच्या आजारात होते. त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी आपल्या भाच्याला, बॉईसला, धंद्यात घ्या असं सुचवलं, असं सांगितलं जातं. बॉईस फार काळ टिकला नाही. नाव मात्र कंपनीला कायमचं चिकटलं, अर्देशीरांनी ते काढलं नाही. तीन हजार रुपयांचं व्याज म्हणा हवं तर.

१९०५ नंतर स्वदेशीची चळवळ तापली. अर्देशीर पक्के स्वदेशीवाले, दादाभाई नौरोजींना मानणारे. पण त्यांचं एक दुखणं होतं. देशी आहे म्हणून वाईट माल गोड मानून घ्या, हे त्यांना पटायचं नाही. माल विलायतीच्या तोडीचा असला पाहिजे आणि मग त्यावर देशाचं नाव ठळक असलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. यावरून त्यांचे पुढाऱ्यांशी मतभेदही झाले. तरी १९२१ मध्ये गांधीजींनी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी जमवायचं ठरवलं तेव्हा अर्देशीरांनी तीन लाख रुपये दिले. शंभर वर्षांपूर्वीचे तीन लाख.

साबणाची गोष्ट मी आटोपती घेते, कारण ती बऱ्याच जणांना माहीत आहे. तेव्हाचे बहुतेक साबण प्राण्यांच्या चरबीचे असायचे आणि कित्येक घरांत ते चालायचे नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अर्देशीरांनी वनस्पती तेलाचा साबण काढला. पहिल्याचं नाव ठेवलं 'चावी'. कुलूपवाल्याने दुसरं काय ठेवावं? नंतर 'नंबर दोन' आला आणि 'नंबर एक' त्याच्याही नंतर. दोन नंबर इतका चांगला तर एक कसा असेल, असं गिऱ्हाइकाला वाटावं म्हणून.

आपल्या घरातल्या आलमारीचा जन्म १९२३ चा. तिजोरी सगळ्यांना परवडत नाही, पण पोलादी कपाट परवडू शकतं आणि त्यात कुलूप असलेला एक आतला कप्पा देता येतो, हे ओळखून गोदरेजने पोलादी कपाटं बनवायला घेतली. आपण आजही त्या कप्प्याला लॉकर म्हणतो. त्यात मंगळसूत्र, धानाच्या चुकाऱ्याचे पैसे, दहावीची सनद आणि कोणाला नको असलेले जुने फोटो एकत्र राहतात.

१९२८ च्या आसपास अर्देशीरांनी सगळा कारभार पिरोजशांच्या हाती दिला आणि ते नाशिककडे शेती करायला गेले. तेव्हा साठीचे होते. १९३६ च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं. विक्रोळीची प्रचंड वसाहत, टाइपरायटर, फ्रिज हे सगळं त्यांच्यानंतरचं. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागणाऱ्या मतपेट्यांपैकी लाखो पेट्या विक्रोळीत बनल्या, त्याही त्यांनी पाहिल्या नाहीत. त्या पेट्यांना बाहेर लटकणारं कुलूप नव्हतं, बंद करण्याची कळ आतच बसवलेली होती.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं. शेकडो माणसं गेली, आसपासचा परिसर कित्येक दिवस धुमसत होता. त्या राखेतून निघालेल्या आपल्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत होते, असं कंपनी आजही सांगते.

तर आता आमच्या भिंतीकडे येते.

अर्देशीरांबद्दल वाचायला मी सुरुवात केली ती बाबांना खोडून काढायला. लपवण्यात काय राम आहे, हे मला सिद्ध करायचं होतं. तसं ते झालं नाही, पण बऱ्याच गोष्टी कळल्या.

पहिली म्हणजे जाडी. आमच्या नव्या खोल्यांची बाहेरची भिंत नऊ इंची आणि आतली चार इंची आहे. चार इंची भिंतीत तिजोरी बसवणं म्हणजे पलीकडच्या खोलीतून मागच्या बाजूला आयतं दार दिल्यासारखं. नऊ इंचीत बसते, पण तिजोरीचं अंग आणि आतली जागा धरून आगीसाठी लागणाऱ्या मिश्रणाला जागा उरत नाही. भिंतीत लपणारी बहुतेक तिजोरी चोराला अडवते, आगीला नाही. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. भारतीय मानकात तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हा क्रमांक आहे, तो विचारला की दुकानदाराचा सूर बदलतो. आम्हाला एका दुकानात आकड्यांची बटणं असलेला जो डबा दाखवला, तो मी एकटीने उचलला. मी उचलते तर चोर का नाही उचलणार? असा डबा आतून पक्क्या बोल्टांनी भिंतीला आणि काँक्रीटला जखडला नाही, तर चोर तो घरी नेऊन सावकाश उघडतो.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ही खास आमच्या गावची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडारा शहरातल्या कित्येक वस्त्यांत घरात पाणी होतं. ज्यांचे कागद आलमारीच्या खालच्या कप्प्यात होते, त्यांचा लगदा झाला. तिजोरी आगीला टिकते म्हणजे पाण्यालाही टिकते असं नाही. शिवाय बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत ओल वर्षभर असते. बाबांनी नेमकी तीच भिंत निवडली होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. लपवलेली तिजोरी कोणापासून लपते? भिंत फोडणाऱ्या मिस्त्रीला माहीत असते. त्याच्या हाताखालच्या दोन पोरांना माहीत असते. पुढे लाकडाचं पॅनल लावणारा सुतार, तिजोरी आणून देणारा गाडीवाला, बिल करणारा दुकानदार. आमच्या घरी काम चालू असताना शेजारच्या काकू कौतुकाने बघून गेल्या. चोरकप्पा पूर्ण व्हायच्या आधीच निदान आठ जणांना ठाऊक होता. लपवण्यावर विसंबायचं तर या आठही जणांच्या तोंडावर विसंबावं लागतं. आणि ते सगळे गप्प राहिले तर आजीच्या सासूसारखं व्हायचं. मालक गेला की घरचेच भिंती ठोकत बसतात.

बँकेचं लॉकर हा पर्याय मी मांडून पाहिला. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आजच्या सोन्याच्या भावात दोन लाखांत काय येतं, हे आईने मला लगेच ऐकवलं. आणि पुरासारखी नैसर्गिक आपत्ती आली तर बँक सहसा जबाबदार नसते, हेही आहेच.

शेवटी तोडगा निघाला तो असा. बाथरूमची भिंत सोडली. आतल्या खोलीच्या नऊ इंची भिंतीत, जमिनीपासून चार फुटांवर, जाड पत्र्याची लिव्हरच्या कुलपाची छोटी तिजोरी बसवली. चारही बोल्ट आतून आणि मागे काँक्रीट. त्यात फक्त दागिने. शेतीचे आणि घराचे मूळ कागद बँकेत, त्यांच्या सहीशिक्क्याच्या प्रती घरी. एक किल्ली बाबांकडे आणि दुसरी घराबाहेर, आत्याकडे. तिजोरी कुठे आहे हे आई, मी आणि धाकटा भाऊ अशा तिघांना बाबांनी एकत्र बसवून दाखवलं. आजीला वेगळं नेऊन दाखवलं, कारण तिला हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि मोठ्याने सांगितलं असतं तर काकूंना पुन्हा कळलं असतं.

तिजोरीवर पॅनल लावायचं की नाही यावर दोन दिवस वाद झाला. मी अर्देशीरांचं अख्खं चरित्र ऐकवलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पॅनल लावलं.

जुनी गोदरेज आलमारी त्याच खोलीत आहे, आईच्या आंदणातली. तिचं हँडल सैल झालंय आणि लॉकरची किल्ली दोनदा फिरवावी लागते. काम संपल्यावर ती बाहेर काढू, असं ठरलं होतं. आईने त्यात साड्या भरल्या आणि लॉकरमध्ये थोडे पैसे ठेवले. चोर आलाच तर त्याला काहीतरी दिसायला नको का, असं तिचं म्हणणं आहे.